हिरव्या झडपा

ही गोष्ट दोन हजार चार सालची. मार्च संपत आला होता, कालव्याकाठच्या पॉपलरांना अजून पालवी फुटली नव्हती, आणि सोलांज देल्मॉत स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसली असताना दारावरची घंटा वाजली. चोवीस वर्षे ही घंटा वाजली की ती असेल तशी उठून दाराकडे धावायची. आता बाहत्तराव्या वर्षी ती पूर्वीसारखी धावत नसे, पण लगेच उठत असे. दारात एक तरुण मुलगी उभी होती. नाक थंडीने लाल, काखेत फाइल, गळ्यात फोन. नाव ऑरेली म्हणाली. पॅरिसहून टीव्हीसाठी मालिका करणारी माणसे आली आहेत, त्यांना कालव्याजवळचे एक घर हवे आहे, आणि साऱ्या ब्रेवियेर गावात हेच एक त्यांच्या मनात भरले आहे, असे तिने एका दमात सांगितले. ‘असं घर आता मिळत नाही, मादाम. सगळ्यांनी प्लॅस्टिकच्या खिडक्या बसवल्या. तुम्ही काही म्हणजे काही बदललं नाहीत.’ सोलांजने हातातला सोललेला बटाटा एप्रनच्या खिशात टाकला. गोष्ट कशाची आहे, असे तिने विचारले. एक सतरा वर्षांची मुलगी नाहीशी होते त्याची, पोरगी सहज म्हणाली, आणि पाय पुसायला खाली वाकली.

तिला ठाऊक असायचे कारण नव्हते. पॅरिसमध्ये कुणाला ठाऊक असणार? गावात मात्र सगळ्यांना ठाऊक होते, आणि म्हणूनच गेल्या वीस वर्षांत त्याबद्दल कुणी बोलले नव्हते. सोलांजने तिला आत घेतले, चिकोरीची कॉफी दिली, आणि आपल्या ओठांतून होकार बाहेर पडलेला तिने स्वतः ऐकला, तेव्हा कॉफी अजून निवलीही नव्हती. एकच अट तिने घातली. खिडक्यांच्या झडपांना रंग लावायचा नाही. त्या बाटलीच्या काचेसारख्या गडद हिरव्या होत्या. तिचा नवरा फेर्नां काचकारखान्यात होता आणि तो रंग त्यानेच निवडला होता. तो गेल्यावर दर तीन वर्षांनी ती स्वतः शिडीवर चढून तोच रंग लावत असे. दुकानातून तो रंग यायचा बंद झाला तेव्हा तिने जुन्या डब्याच्या झाकणावरचा वाळका थेंब नेऊन दुकानदाराला दाखवला होता आणि तसाच रंग कालवून घेतला होता. माणसाने परत यायचे ठरवले तर घर ओळखू यायला नको का? टेलिफोनचे आकडे तर सरकारने तिला न विचारता दोनदा बदलले होते. सहाचे आठ झाले, आठाचे दहा. प्रत्येक वेळी तिला वाटले होते की कुणीतरी आपले घर उचलून आणखी एका रस्त्यापलीकडे नेऊन ठेवले. तेव्हा निदान झडपा तरी. फ्रान्सभर लोक ही मालिका बघतील, ऑरेली म्हणाली होती. फ्रान्सभर. तो शब्द सोलांजने रात्री उशीवर पुन्हा पुन्हा ठेवून पाहिला. म्हणजे जिथे कुठे तिची म्युरिएल असेल तिथेही.

नणंद जिनेटला हे पावाच्या दुकानात कळले आणि ती तडक येऊन खुर्चीत बसली. जिनेट दोन घरे सोडून राहायची, विधवा होती, आणि तिची जीभ म्हणजे किसणी. ‘डोक्यावर परिणाम झालाय का तुझ्या? घरचं मढं आपणच चव्हाट्यावर मांडायचं? फेर्नां असता तर त्यांना काठी घेऊन कालव्यापर्यंत पळवलं असतं.’ सोलांज म्हणाली, फेर्नां असता तर त्याने आधी त्यांना बसवून वाइन पाजली असती. जिनेटला हसू आले, आणि हसू आल्याचा राग आला. मढे हा शब्द तिने मुद्दाम वापरला नव्हता. तिच्या मनात ते तसेच होते. फेर्नांच्या थडग्याचा दगड घडवताना तिनेच त्याच्या नावाखाली भाचीचे नाव कोरून घेतले होते: म्युरिएल, १९६३–१९७९. तेव्हापासून दर वर्षी मृतांच्या सणाला सोलांज शेवंतीच्या दोन कुंड्या घेऊन जाई, एक नवऱ्यासाठी, एक मुलीसाठी. दुसरी कुंडी ती दगडावर न ठेवता धरूनच उभी राही, शेवटी जिनेट ती तिच्या हातून घेई आणि म्हणे, ‘असू दे ग, मी ठेवते.’

कारण सोलांजला ठाऊक होते की तिची मुलगी जिवंत आहे. हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हते.

एकोणऐंशीच्या नोव्हेंबरातली ती संध्याकाळ तिने इतक्यांदा हाताळली होती की जुन्या नाण्यासारखी ती गुळगुळीत झाली होती. त्यावरचे आकडे वाचता येत नसत. फेर्नां दुपारपाळीला होता. म्युरिएल शाळेतून आली ती केस कापून, मुलग्यासारखे. शाळा सोडून लील शहरात एका मैत्रिणीकडे राहायचे आणि केशकर्तनाचे काम शिकायचे, असे तिने कांद्याचे सूप ढवळत ढवळत सांगितले. मग सोलांजचा ओला हात तिच्या गालावर बसला. त्यानंतर सोलांज काय म्हणाली? ‘जा, बघू किती दिवस राहतेस’ की ‘जायचं तर जा, इथे कोण अडवतंय’ की ‘तू झालीच नसतीस तर बरं झालं असतं’? तिन्ही वाक्ये तिच्याच आवाजात होती आणि तिन्ही खरी वाटत. दार आपटले. सोलांजने रोजच्यापेक्षा अर्धा तास आधीच झडपा ओढून घेतल्या, अडसर लावले, आणि दिव्याखाली सूप पीत बसली. आणि मग बाहेर खडीवर पावले वाजली. झडपेवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक झाली. दारावर नव्हे, झडपेवर. म्युरिएल लहानपणापासून तसेच करायची. सोलांजचा चमचा हवेत थांबला. राहू दे दहा मिनिटं बाहेर, तिने मनात म्हटले, गारठू दे जरा. तिने घड्याळाकडे पाहिले. तिने खरेच दहा मिनिटे मोजली. मग झडप उघडली तेव्हा बाहेर धुके होते आणि खडी होती. पोलिसांना तिने थप्पड सांगितली, केस सांगितले, लील सांगितले. टकटक सांगितली नाही. फेर्नांलाही नाही. पोलीस म्हणाले, या वयात पोरी रुसून जातात, आठवड्यात परत येतात. लीलच्या मैत्रिणीकडे ती पोचलीच नव्हती. आठवडा गेल्यावर त्यांनी माणसांची रांग करून बीटाच्या शेतांतून शोध घेतला, आणि सारे गाव हातात हात धरल्यासारखे चिखलातून चालले.

चित्रीकरण एप्रिलमध्ये सुरू झाले. सोलांजच्या दारातून तारा गेल्या, भिंतीवरचा क्रूस काढून दुसरा क्रूस लावण्यात आला, आणि तिला कोपऱ्यात एक घडीची खुर्ची मिळाली. एक नटी आईची भूमिका करत होती आणि एक गोरीपान, ओठ चावणारी मुलगी नाहीशी होणार होती. प्रसंग साधा होता. मुलगी दप्तर घेऊन दाराकडे जाते, ‘येते ग मामाँ’ म्हणते, आणि आई ओट्याकडून मान न वळवता म्हणते, ‘मफलर घे, गार आहे.’ आईने तिला पाहिलेले ते शेवटचे. बाहेर एप्रिलचे ऊन रखरखत होते आणि लोकरीच्या कोटात मुलगी घामाघूम होत होती. दिग्दर्शकाला प्रत्येक वेळी काहीतरी खटके; एकदा कप चुकीच्या जागी, एकदा मुलगी फार हसली, एकदा रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. अकरा वेळा ती मुलगी सोलांजच्या दारातून निघून गेली. अकरा वेळा कुणीतरी ‘कट’ म्हटले की ती परत आली, पाणी प्यायली, आणि पुन्हा गेली. सातव्या-आठव्या वेळेपासून सोलांजला आपल्या ओठांची हालचाल जाणवू लागली. मफलर घे, गार आहे. किती साधे वाक्य. हे कुणालाही सुचले असते. ऑरेलीने वाकून विचारले, ‘मादाम, बरं नाही का वाटत?’ सोलांज म्हणाली, मुलगी चांगली काम करते.

मग ते घराचे बाहेरून चित्रण करायला गेले, आणि दिग्दर्शकाने झडपा लावायला सांगितल्या. सोलांज रस्त्यावर आली. हा एक माणूस सोडून तिला सगळे आवडले होते. तो कुणाकडे न बघता बोले. ‘झडपा उघड्या ठेवायच्या,’ ती म्हणाली. रंग तसाच आहे ना, मादाम, रंगाला आम्ही हात लावला नाही, तो म्हणाला. रंगाचे नाही, ती म्हणाली, झडपा उघड्या हव्यात. त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिले, आणि समजावल्यासारखे म्हणाला, ‘बंद असलं की घर जास्त एकटं दिसतं. लोकांना वाटतं, आत काहीतरी दडलंय.’ अट घालताना तिने फक्त रंग म्हटले होते. उघड्या असाव्यात हे सांगावे लागेल, हे तिच्या ध्यानातच आले नव्हते. ऑरेलीने तिचा दंड धरला आणि हळूच सांगितले की शेवटी एक दृश्य उघड्या झडपांचे घेऊ, ती स्वतः लक्ष ठेवील. आणि त्यांनी ते घेतलेही. जायच्या दिवशी संध्याकाळी, झडपा भिंतीला टेकलेल्या, आत दिवा, काचेवर चौकड्यांचा पडदा. सोलांज पलीकडच्या फुटपाथवर उभी राहून ते बघत होती. तिला वाटले, हे असे कुणी पाहिले तर तो टकटक केल्याशिवाय पुढे जाणार नाही.

ती उन्हाळाभर त्या एका दृश्यावर जगली. त्या उन्हाळ्यात तिने फडताळावरचे सूपाचे मोठे झाकणाचे भांडे पुन्हा एकदा उघडून पाहिले. लग्नातले ते भांडे, सोनेरी काठाचे. त्यात कधी सूप वाढले नव्हते. आत एक कागद होता. चौऱ्याऐंशी साली, म्युरिएल सज्ञान होऊन तीन वर्षे झाल्यावर, फेर्नांने जिल्हा कचेरीत अर्ज दिला होता; नातलगांसाठी हरवलेल्या माणसाचा शोध घ्यायची तशी सोय असते. उत्तर आले तेव्हा तो कामावर होता. चार ओळी होत्या. सदर व्यक्तीचा शोध लागला आहे. तिची प्रकृती ठीक आहे. आपला पत्ता कुटुंबीयांस कळवू नये, अशी तिची तूर्त इच्छा आहे. वर्षानंतर नव्याने अर्ज करता येईल. सोलांजने त्या ओळी फडताळापाशी उभ्यानेच पुन्हा वाचल्या. जिवंत आहे. आणि मग लगेच, त्याच श्वासात: नको आहोत आपण तिला. संध्याकाळी सांगू, तिने ठरवले, आणि कागद भांड्यात टाकून झाकण लावले. संध्याकाळी फेर्नां दमला होता. मग रविवारी सांगू. मेलेल्या मुलीचा बाप होणे फेर्नांने कसेबसे सोसले आहे, नकोशा बापाचे जिणे त्याला सोसवणार नाही, असे ती स्वतःला सांगे. खरे कारण त्याहून लहान होते आणि घाण होते. तो विचारील, का नको आहोत? आणि मग तिला त्या दहा मिनिटांबद्दल बोलावे लागेल. कचेरीला काय झाले, असे तो अधूनमधून विचारी. ती म्हणे, सरकारी काम, वेळ लागतो. जिनेटही तेच म्हणे.

दर रविवारी तो काठी घेऊन कालव्याच्या काठाने पाण्यात शोधत चालत जाई, कधी वरच्या अंगाला, कधी खालच्या, पंधरा किलोमीटर जाऊन पंधरा परत. सोलांज त्याला पाव, हॅम आणि उकडलेले अंडे बांधून देई. निघताना तो म्हणे, ‘आज कालव्याच्या खालच्या दरवाज्यापर्यंत जातो.’ ती म्हणे, जपून. अठ्ठ्याऐंशीच्या सप्टेंबरात कालवा रिकामा केला. दहा-बारा वर्षांतून एकदा दुरुस्तीसाठी ते पाणी सोडून देतात, आणि मग जत्रेला यावे तसे लोक काठावर येऊन चिखलात काय निघते ते बघतात. सायकली निघाल्या, एक शिवणयंत्र निघाले, तिजोरीचे दार निघाले. पोरे हसत होती, कुणी खुर्च्या आणल्या होत्या. फेर्नां चार दिवस हलला नाही. त्याच्या शेजारी ती उभी राहिली, चारही दिवस, त्याच्यासाठी कॉफीचा थर्मास धरून; चिखलात काही नाही हे ठाऊक असलेली तिथे ती एकटीच होती. तिसऱ्या दिवशी एक निळा बूट दिसला. अठ्ठावन्न वर्षांचा फेर्नां मांड्यांपर्यंत चिखलात उतरला आणि तो घेऊन वर आला, आणि ओल्या बोटांनी त्याचा पट्टा पुसू लागला. ‘तिचा नाही तो,’ सोलांज म्हणाली. त्याने मान वर केली. त्याच्या भुवयांवर चिखल होता.

‘तुला कसं ठाऊक?’

बोलायला एवढी सोपी जागा तिला आयुष्यात पुन्हा मिळाली नाही. वारा सुटला होता, आसपासचे लोक पांगले होते, वाक्य तोंडात तयार होते. ती म्हणाली, ‘तिचा पाय लहान होता.’ त्याने तो बूट घरी आणला. तीन वर्षांनी तो गेला तेव्हा तो बूट त्याच्या अंथरुणाखाली निघाला. दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांत तो म्हणत होता की चार दिवस पुरत नाहीत, कालवा पुन्हा एकदा नीट रिकामा करायला सांगा.

मालिका नोव्हेंबरात लागली, चार गुरुवार, बातम्यांनंतर दोन-दोन भाग. पहिल्या गुरुवारी जिनेट साखरेचा टार्ट घेऊन आली आणि कोट न काढताच बसली. बघायला नव्हे, सोलांजला एकटी सोडायची नाही म्हणून. दहा मिनिटांत तिने कोट काढला. घर दिसले तेव्हा दोघी खुर्चीत पुढे सरकल्या. केवढे करडे, केवढे ओले. आणि झडपा बंद. येईल, सोलांजने मनात म्हटले. दुसऱ्या गुरुवारी आईने मफलर आठवून रडायला सुरुवात केली, झडपा बंद. शेजारच्यावर संशय गेला, झडपा बंद. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला सुरावटीबरोबर पुन्हा तेच घर, तीच खिडकी. गावकऱ्यांनी पांढरे कपडे घालून मूक फेरी काढली, आणि ती फेरी तिच्या बंद झडपांसमोरून गेली. टेलिफोन मात्र वाजू लागला. लीलची मावसबहीण, जुना पोस्टमन, ब्रेस्टला गेलेली एक शेजारीण. सगळ्यांना घर ओळखू आले होते. प्रत्येक घंटेला सोलांज उठे, आणि प्रत्येक वेळी जिनेट म्हणे, ‘मी घेऊ?’ सोलांज नको म्हणे. घर ओळखू येत होते. हाच तर घात होता. जिला ओळखू यायला हवे होते तिनेही, कुठल्याशा खोलीत, कुणाच्या तरी शेजारी बसून ते ओळखले असेल, आणि पाहिले असेल की पंचवीस वर्षांनीही झडपा लावलेल्याच आहेत. देशभर, आठ भाग, तिला पुन्हा पुन्हा तेच सांगितले जात होते. आणि सांगायची परवानगी सोलांजने स्वतः सही करून दिली होती.

चौथ्या गुरुवारी मुलगी कालव्यात सापडली. आई खडीवर गुडघ्यांवर बसली. नावे वर सरकू लागली, आणि सोलांज पुढे वाकून त्यांच्यामागे बघत राहिली, शेवटचे नाव जाईपर्यंत. उघड्या झडपांचे दृश्य नव्हतेच. मग जाहिरात लागली. जिनेट रुमालात नाक शिंकरत होती. ‘काही म्हण,’ ती म्हणाली, ‘हिच्या आईला निदान कळलं तरी. आमचा फेर्नां बिचारा न कळता गेला.’

सोलांज उठली. भांड्याचे झाकण काढताना कडेला कडा घासून बारीक आवाज झाला. तिने कागद टार्टच्या ताटलीशेजारी ठेवला. जिनेटने चष्मा शोधला, वाचले, पुन्हा वाचले.

‘ही तारीख चौऱ्याऐंशीची आहे.’

‘हो.’

‘फेर्नां एक्याण्णवला गेला.’

‘हो.’

जिनेटने कागद जिथे होता तिथेच, त्याच घडीवर दुमडून ठेवला. टीव्हीवर कुणीतरी साबणाबद्दल आनंदाने बोलत होते. ‘सात वर्षं,’ ती म्हणाली, ‘सात वर्षं तू त्याला रविवारी अंडं उकडून देत होतीस.’ सोलांजला टकटक सांगायची होती, दहा मिनिटे सांगायची होती. एकदा भांडे उघडलेच होते. पण जिनेटने कोट घातला, बटणे खालपासून वरपर्यंत लावली, उरलेल्या टार्टचे ताट उचलले आणि गेली. खडीवर तिची पावले दूर जाईपर्यंत ऐकू आली. सोलांजने झडपा उघडल्या आणि दिवा ठेवून बसून राहिली. त्या रात्रीपासून तिने त्या कधी लावल्या नाहीत. हिवाळ्यात काचा आतून गोठत. रस्त्याने जाणाऱ्यांना ती टेबलाशी बसलेली दिसे, आणि ते मान वळवून घेत.

जिनेटने पुढच्याच आठवड्यात पाथरवट बोलावून दगडावरून भाचीचे नाव छिलून काढले. तिथे एक फिकट, खोलगट पट्टी राहिली, आणि पावसाचे पाणी तिथे साठते. वहिनीशी ती पुन्हा बोलली नाही. पाच वर्षांनी ती गेली. ऑरेलीने नाताळाला एक कार्ड पाठवले होते, त्या दृश्याबद्दल माफी मागणारे. शेवटी वेळ कमी पडला आणि कापावे लागले. पुढे तिचे काय झाले ठाऊक नाही. ओठ चावणारी ती मुलगी नावाजली, अजूनही मासिकांवर दिसते. सोलांज शेवटची चार वर्षे वृद्धाश्रमात होती. तिथल्या नर्सेसना ती आपल्या मुलीची गोष्ट सांगे: ती शाळेला निघाली होती, मी ओट्याशी होते, मी म्हटलं, मफलर घे, गार आहे. हे शेवटचं. त्या तिचा हात धरून ऐकत. कुणालाच ती मालिका आठवत नव्हती, आणि तिला आठवत होती का, हे सांगता येत नाही. दोन हजार तेराच्या फेब्रुवारीत ती गेली. नातलगांसाठी शोध घ्यायची ती सरकारी सोयही त्याच वर्षी बंद झाली.

घराला वारस शोधायचे काम नोटरीकडे गेले, आणि नोटरीच्या माणसाला म्युरिएल तीन आठवड्यांत सापडली. कुठे, हे सांगायची त्याला मुभा नव्हती. टेलिफोनवर तिने एकच गोष्ट विचारली, वडील कधी गेले. आणि साल ऐकल्यावर तिने ते त्याच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतले. तिने घर घेतले नाही. हक्क सोडल्याचा फॉर्म सही होऊन टपालाने आला. मृत व्यक्तीशी नाते, ही जागा तिने मोकळी ठेवली होती. अपुरा म्हणून तो परत पाठवावा लागला. दुसऱ्यांदा आला तेव्हाही ती जागा मोकळीच होती. शेवटी कारकुनाने ती स्वतःच भरली. सगळा फॉर्म निळ्या शाईत आहे, आणि ‘आई’ हा एक शब्द काळ्या. घर लीलच्या एका जोडप्याने घेतले. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी झडपा काढून टाकल्या.